गाडीचं अभ्यंग

आमच्या दादाला रबराविषयी बोलायला लावू नये, असा घरात अलिखित नियम होता. एकदा सुरू झाला की समोरच्याच्या चहावर साय धरेपर्यंत थांबायचा नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दिगंबर. त्याची सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका रबराच्या कारखान्यात गेली, तीही प्रयोगशाळेत. रबर म्हातारं कसं होतं, ऊन त्याला कसं खातं, कुठलं तेल लागलं की ते फुगतं आणि कुठल्या तेलाने टिकतं, हे तो जेवताना, लग्नात, एकदा तर चक्क एका दहाव्याला सांगत बसला होता. मी भूगोलाची मास्तरीण, मला त्यात काडीचा रस नव्हता. पण धाकटी बहीण म्हणून जन्माला आलं की ऐकून घेणं नशिबी येतंच.

एवढा रबराचा पंडित, आणि त्याच्या घरी त्याची बायको दर दिवाळीला गाडीच्या रबरांना तिळाचं तेल चोळायची. तो चकार शब्द काढायचा नाही. याचं मला कित्येक वर्षं नवल वाटायचं. मला वाटायचं, बायकोपुढे शहाणपण चालत नाही, जसं कुणाचंच चालत नाही.

गाडी म्हणजे शहात्तर साली घेतलेली पांढरी फियाट. कोथरूडला त्यांची सोसायटी आहे, तिथे कंपाउंडला लागून पत्र्याची शेड आहे, त्यात ती उभी असे. आजूबाजूला नव्या गाड्या आल्या, जुन्या झाल्या, विकल्या गेल्या, ही मात्र तशीच. दारांची रबरं मूळचीच. बजरंग नावाचा मेकॅनिक होता, मूळ कोथरूड गावातला. गाडी त्याच्याकडे नेली की तो दाराच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "काका, ह्या गाडीच्या जोडीच्या समद्या भंगारात गेल्या, आन् हिची रबरं अजून लोण्यावानी हायत. लावता तरी काय?"

"मी कुठे काय लावतो?" दादा म्हणायचा. "आमची ही दिवाळीला तेल लावते. तिचा हात चांगला आहे."

मंदावहिनी शेजारी उभी असली तर खाली बघायची. पण घरी येईपर्यंत तिचा चेहरा उजळलेला असायचा. मी स्वतः पाहिलाय तो. त्या घरात चेहरा उजळावा असं फारसं काही घडत नसे, म्हणून लक्षात राहिलं.

कारण त्या घरातून माधव गेला होता.

माधव त्यांचा एकुलता एक. नऊ वर्षांचा होता. नरक चतुर्दशीच्या पहाटे वहिनीने त्याला उठवलं, पाटावर बसवलं, तेल लावून, उटणं लावून ऊन पाण्याने न्हाऊ घातलं. पोराचं अंग जरा कोमट लागत होतं, पण दिवाळीच्या पहाटे कुठल्या पोराला झोपू देतात? दुपारी ताप चढला. लक्ष्मीपूजनाला तो हॉस्पिटलात होता, भाऊबीज उजाडली ती त्याच्याशिवाय. मेंदूचा ताप होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की आजार आधीपासून अंगात होता, तेल-पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण तेराव्याला आमच्या एका मावशीने, जिची जीभ देवाने चुकून माणसाला दिली, सगळ्यांदेखत म्हटलं, "तापलेल्या पोराला पहाटे न्हाऊ घालायचं काय अडलं होतं?" वहिनी ताटं वाढत होती. तिने ऐकलं. हातातली भाताची परात तिने खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. मावशीला मी तिथल्या तिथे चार शब्द सुनावले, पण बोललेलं कुठे परत जातं?

तेव्हापासून वहिनीने कुणाच्या अंगाला तेलाचा हात लावला नाही. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावते, ओवाळते. तिने ओवाळणं ठेवलं, तेल बंद केलं. माझी नीरजा जन्मली तेव्हा मी हौसेने म्हटलं, "वहिनी, बाळाला तुम्हीच तेल लावा." ती दोन पावलं मागे सरली. "नको वन्सं. माझा हात नको," म्हणाली. मी पुन्हा म्हटलं नाही.

आणि दादा? त्याने माधवचं नावच घेणं सोडलं. रडला नाही, बोलला नाही, फोटोकडे बघितलं नाही. रबराविषयी मात्र पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला. लोकांना वाटायचं, सावरला बिचारा. मला त्याचा राग यायचा. एक माणूस हात बांधून बसलेलं आणि दुसरं तोंड, असं ते घर होतं.

माधव गेल्याच्या पुढच्या दिवाळीला मी त्यांच्या सोबतीला गेले होते. फराळ नाही, कंदील नाही. पहाटे जाग आली तर वहिनी स्वयंपाकघरात तिळाचं तेल कोमट करत होती. हात सवयीने चालत होते. वाटी भरली आणि मग बहुतेक तिच्या लक्षात आलं, की लावायचं कुणाला? वाटी हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग तिने चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. मी घाबरून बाल्कनीत आले. खाली शेडमध्ये तिने गाडीची चारी दारं उघडली होती आणि एकेका दाराच्या रबराला ती बोटांनी तेल चोळत होती. सावकाश, कोपरेन् कोपरे, लहान मुलाच्या कानामागे लावतात तसं. मागच्या डाव्या दाराशी तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती माधवची जागा. गाडी घरी आली त्या दिवशीच त्या पठ्ठ्याने त्या दाराचं रबर चावलं होतं. दुधाच्या दातांच्या दोन बारीक चिरा तिथे तशाच होत्या.

ती वर आली तेव्हा मी न राहवून विचारलं, "हे काय, वहिनी?"

"गाडीला ताप येत नाही, वन्सं," ती म्हणाली, आणि वाटी घासायला टाकली.

तिथून तो रिवाजच झाला. दर नरक चतुर्दशीला गाडीचं अभ्यंग. सोसायटीतल्या लोकांनी पहिली काही वर्षं हसून घेतलं, मग तेही थांबले. पुण्यात सलग दहा वर्षं केलेल्या कुठल्याही वेडेपणाला परंपरा म्हणतात.

आता गेल्या दिवाळीचं सांगते.

दिवाळीच्या तोंडावर दादा पडला. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढत होता, स्टूल सरकलं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण पलंगावरून उतरायची सोय नव्हती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढायची अवदसा का आठवली, असं मी हॉस्पिटलातच विचारलं. तर म्हणाला, "आकाशकंदील काढत होतो."

आकाशकंदील! त्या घरात माधवनंतर कंदील लागला नव्हता. मी वहिनीकडे पाहिलं. ती पांघरुणाची घडी घालत होती, तिने मान वर केली नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, जाऊ दे. मी माझी पिशवी भरली आणि कर्वेनगरहून त्यांच्याकडे राहायला गेले.

नरक चतुर्दशीच्या पहाटे वहिनी नेहमीप्रमाणे उठली. दादा जागाच होता. त्याच्या खोलीवरूनच जिन्याकडे वाट जाते. ती हातात वाटी घेऊन दारात थांबली आणि म्हणाली, "गाडीला लावून येते हं." दादाने नुसती मान हलवली. पण ती गेल्यावर त्याने चादर अशी मुठीत धरली, की मला वाटलं याचा पाय दुखतोय. गोळी देऊ का विचारलं, तर नको म्हणाला. सगळा दिवस तो तसाच अस्वस्थ. लक्ष्मीपूजन त्या वर्षी त्याच दिवशी आलं होतं. संध्याकाळी ते उरकून वहिनी शेजारी प्रसाद द्यायला गेली आणि त्याने मला हाक मारली.

"शालू, दार लोटून घे. एक काम आहे. उद्या सकाळी मंदा देवळात गेली की करायचं."

"काय?"

"गाडीची रबरं पुसायची. साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या फडक्याने. तेलाचा अंश राहता कामा नये. माळ्यावर, जुन्या कंदिलाच्या खोक्यामागे एक बाटली आहे, सिलिकॉनचं तेल. ते फडक्यावर घेऊन हलक्या हाताने लाव. थेंबभर पुरतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तू ह्या बाटलीसाठी स्टुलावर चढला होतास?"

त्याने दार नीट लोटलंय ना ते पाहिलं. मग हळूहळू सांगायला लागला. तिळाचं तेल म्हणजे रबराचा शत्रू. ते आत शिरतं, रबर फुगतं, चिकट होतं, मऊ मऊ होऊन एक दिवस पिठासारखं हाताला येतं. पहिल्या दिवाळीला त्याने बाल्कनीच्या मागच्या खिडकीतून वहिनीला तेल लावताना पाहिलं होतं. त्या वेळी खाली जाऊन तिला थांबवणं त्याच्याने झालं नाही. पाडव्याला ती देवळात गेल्यावर तो खाली उतरला, सगळं तेल पुसून काढलं आणि कारखान्यातून आणलेलं सिलिकॉनचं तेल लावलं. कारखान्यात ते साच्याला लावायचे, माल चिकटू नये म्हणून. रंग नाही, वास नाही. रबराच्या आत शिरत नाही, वरून पांघरूण घातल्यासारखं राहतं आणि त्याला सुकू देत नाही. तेव्हापासून दर पाडव्याला हेच. निवृत्त झाल्यावर रास्ता पेठेतल्या एका दुकानातून तो ती बाटली आणत असे.

"आणि इतकी वर्षं तिला सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला. "बायको आहे ती तुझी! एका वाक्याचं काम. 'मंदा, तिळाचं तेल रबराला वाईट असतं.' झालं!"

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

"कारण माधवच्या वेळी काय बोलले लोक, ते तूही ऐकलंयस," दादा म्हणाला. माधवचं नाव त्याच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकत होते, ते मला सांगता यायचं नाही. "तिला वाटतं तिच्या हाताने पोर गेलं. मी काही म्हटलं तरी तिला तेच वाटतं. एक ती गाडी आहे, जिला ती हात लावते आणि जी चांगली राहते. बजरंग म्हणतो, लोण्यासारखी रबरं आहेत, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघितलंयस कधी? आता मी तिला सांगू, की हेही तुझ्या हाताने खराब होतंय? आणि ते मागचं दार? त्या रबरावर त्याचे दात आहेत, शालू. ते फुगून गेलं तर ती काय म्हणेल? पुन्हा माझ्याच हाताने गेलं, म्हणेल."

जन्मभर ज्याला मी कोरडा म्हणत आले, तो माणूस पलंगावर पडून रडत होता. मोठ्याने नाही, कानशिलांवरून पाणी उशीवर जात होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं.

"पुसशील ना?" त्याने विचारलं. "एक वर्ष तेल तसंच राहिलं तर मग काही खरं नाही."

"पुसते रे बाबा," मी म्हटलं. "रबर पुसायला काय विद्यापीठाची पदवी लागते?"

पाडव्याच्या सकाळी वहिनी पूजेची थाळी घेऊन देवळात गेली. मी दार लावलं, स्टूल ओढलं आणि देवाचं नाव घेत चढले. एक भाऊ याच स्टुलावरून पडलाय आणि बहीण वर्गणी भरायला निघालीय, असं मनात आलं. कंदिलाचं खोकं सापडलं. त्याच्या मागे धूळ होती, धुळीत बाटलीच्या बुडाचा गोल ठसा होता, पण बाटली नव्हती. आजूबाजूला हात फिरवला, नाही. दादा पलंगावरून विचारत होता, "मिळाली?" मी खाली उतरले आणि खोटंच सांगितलं, "मिळाली." निदान तेल तरी पुसून येऊ, बाटलीचं मागाहून बघू, असा विचार केला. बादलीत साबणाचं पाणी घेतलं, फडकी घेतली आणि शेडमध्ये गेले.

पहिलं दार उघडलं आणि रबरावर बोट ठेवलं. रबर मऊ होतं, गुळगुळीत. पण चिकट नव्हतं. बोट नाकाशी नेलं. तिळाच्या तेलाला वास असतो, त्यात आमच्या वहिनीचं तेल म्हणजे कापूर टाकून कोमट केलेलं, अख्ख्या जिन्यात दरवळायचं. इथे काहीच नाही. दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तसंच. स्वच्छ पुसलेली रबरं, वर बारीकशी चकाकी, वास कसला नाही. मागच्या डाव्या दाराशी वाकले. ते दोन दात तिथे होते. चिरांमध्येसुद्धा कुणीतरी काडीला कापूस गुंडाळून निगुतीने पुसलं होतं.

मी फडकं हातात धरून तशीच बसले. मी काही शेरलॉक नव्हे, पण एवढं मलाही कळलं, की काल पहाटे वहिनीच्या वाटीत तिळाचं तेल नव्हतं.

"पाणी गार झालं असेल, वन्सं," मागून आवाज आला. वहिनी थाळी घेऊन उभी होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून." तिने थाळी गाडीच्या टपावर ठेवली. "हे एवढे हुशार. बाटली माळ्यावर लपवली, मी देवळात गेल्यावर हे खाली उतरले. आणि पुसलेलं बनियन धुण्यात टाकलं! तिळाच्या तेलाचा वास, त्यावर रबराचे काळे डाग. धुणं कोण धुतं या घरात?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. "मग बोलला का नाहीत? तेल लावणं बंद का नाही केलंत?"

वहिनीने मागच्या डाव्या दाराला हात लावला.

"बंद करणारच होते. पुढच्या दिवाळीला सवयीने हात लागून गेला, म्हणून पाडव्याला देवळातून लवकर परतले, म्हटलं, सांगावं यांना, की मला कळलंय, आता नाही लावणार. गेटाशी आले तर हे इथे उकिडवे बसले होते, असे, या दारापाशी. फडक्याने पुसत होते आणि बोलत होते. माधवशी. शाळेत काय झालं, क्रिकेटमध्ये कोण जिंकलं, तू असतास तर अमुक इयत्तेत असतास. वन्सं, वर घरात ह्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं दोन वर्षं. मला वाटायचं, हे त्याला विसरले. आणि इथे बसून एवढं बोलत होते." तिने त्या दोन चिरांवरून बोट फिरवलं. "मी गेटातूनच परत फिरले. देवळाच्या पायरीवर जाऊन बसले, यांचं होईपर्यंत. मी तेल लावलं नाही तर हे पुसायला उतरणार नाहीत. पुसायला उतरले नाहीत तर बोलणार कुठे? म्हणून मग लावतच राहिले. दरवर्षी."

"आणि यंदा?"

"यंदा पुसणार कोण? हे पडले त्याच दिवशी मी बाटली खाली काढून ठेवली. कंदिलाचं मला सांगतात! काल तीच वाटीत ओतली आणि लावून आले. कसं लावायचं, ते काय मला माहीत नाही? गेटातून कितीदा बघितलंय."

मी उठले. गुडघे कुरकुरले, पण माझा पारा त्याहून वर चढला होता. खरं तर राग नव्हता तो. पण मला दुसरं काही येत नाही.

"तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायला हवी होती," मी म्हटलं. "तो तिथे वर पडून रडतोय, की तेल राहिलं तर तुमचा हात बदनाम होईल. तुम्ही इथे त्याचं काम उरकताय, की त्याला कळू नये. आणि तिळाचं तेल कुठे आहे?"

"आहे. बरणीत आहे."

"मग आज पाडवा आहे. गाडीला नको ते, तर ज्याला लावायचं त्याला लावा."

वहिनीचा चेहरा एकदम बदलला. नीरजाच्या वेळी बदलला होता तसाच. "नको वन्सं. आधीच हाड मोडलंय त्यांचं. माझा हात..."

"तुमचा हात!" मी ओरडलेच. सोसायटीचा वॉचमन वळून बघायला लागला, बघू दे. "ज्या हाताने तुम्ही इतकी वर्षं त्याच्या गाडीचं वाटोळं करायला निघालात आणि जो मुकाट पुसत बसला, त्याला त्या हाताची भीती वाटते, असं वाटतं का तुम्हाला? त्याने एकदा तरी म्हटलं का, लावू नकोस म्हणून?"

वहिनीने थाळी उचलली आणि ती जिना चढायला लागली. मी बादली उपडी केली, चारी दारं लावली. प्रत्येक दार अगदी हळू आवाज करून बसलं. मग मीही वर गेले.

दादा दाराकडेच डोळे लावून होता. "पुसलंस?"

"गाडी छान आहे," मी म्हटलं. "लोण्यासारखी."

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास आला. दादाने डोळे उघडले. वहिनी वाटी घेऊन दारात आली तसा तो घाबरून उशीवरून उठायला बघू लागला.

"अगं, काल लावलंस ना? पुन्हा कशाला? एकदा पुरतं."

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. तिने त्याच्या बऱ्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. वाटीत बोटं बुडवली आणि हात तसाच वर राहिला. तेलाचा एक थेंब चादरीवर पडला. मी दारात उभी होते, जावं का राहावं ते मला कळेना.

"मंदा," दादा म्हणाला. तिच्या हाताकडे बघत तो एकेक शब्द जपून टाकत होता. "तिळाचं तेल रबराला..."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "माणसाला चालतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग त्याने पाय किंचित तिच्याकडे सरकवला, जेवढा सरकत होता तेवढा. वहिनीचा हात खाली आला. तिने घोट्यापासून तेल चोळायला सुरुवात केली, सावकाश, कोपरेन् कोपरे, जशी ती दरवर्षी खाली चोळायची.

मग दादा छताकडे बघत म्हणाला, "माधव फार ओरडायचा. गरम आहे, गरम आहे म्हणून."

वहिनीचा हात थांबला. तिने वाटीत पुन्हा बोट घालून पाहिलं.

"कोमटच असायचं हो," ती म्हणाली. "उगीच ओरडायचा."